माती खाल्ली

ओदालिस ब्रिंगास, वय एकोणसाठ.
साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकवीस हंगाम
रसाचा थेंब काचेवर ठेवून
गोडी आकड्यांत सांगायची.
मग एका सकाळी भोंगा वाजलाच नाही.
चिमणी अजून उभी आहे सिएनफ्वेगोसच्या वाटेवर,
तिच्या टोकावर गिधाडं पंख वाळवत बसतात.

आता तिच्याकडे बारा वाफे.
गुडघ्याएवढे उंच, कडेला फुटकी कौलं उभी रोवलेली,
कारण खालची जमीन म्हणजे
काँक्रीट, काच, सांडलेलं डिझेल.
तिथं गवतसुद्धा नाइलाजानं उगवतं.

आंब्याखाली लांबोडका हौद.
एके काळी त्यात मळी असायची,
आता गांडुळं.
किती, ते ती मोजत नाही,
आकड्यांनी तिला एकदा दगा दिलाय.
मूठभर उचलते, घट्ट दाबते;
बोटांच्या फटींतून सात-आठ थेंब टपकले की ओल बरोबर.
धार लागली तर जास्त.
आणि काहीच नाही आलं तर,
ऊठ एउदेलिओ, बादली आण.

एउदेलिओ बॉयलरवरचा माणूस.
त्याचा आगीवर विश्वास, बाकी कशावर नाही.
"गांडुळांच्या हगण्यावर कोबी पिकवणार तू?"
तिनं वाद घातला नाही.
सातव्या वाफ्याच्या मधोमध दोरी बांधली.
दोरीच्या अलीकडे प्रत्येक रोपाच्या खड्ड्यात एक मूठ,
काळी, रवाळ, चहाच्या भुकटीसारखी.
वास म्हणावा तर
जुन्या पेटीचं झाकण उघडल्यावर येतो तेवढाच.
पलीकडे नुसती माती.

पाच आठवड्यांनी तिनं दोरी सोडली आणि
कपडे वाळत घालायला घरी नेली.
दोरीशिवायही आता रेघ दिसत होती.

(मुळ्यांनी मात्र फसवलं.
पाला मांडीपर्यंत, खाली करंगळी.
तेव्हापासून मुळ्याला अर्धीच मूठ.)

नोव्हेंबरात प्रसूतिगृहातून निरोप आला,
रोज तीस जुड्या चार्ड हवा.
तीस!
खत अपुरं पडणार म्हणून तिनं घाई केली,
गाड्यावरचं शेण
तसंच, ताजं, हौदात ओतलं.
तीन आठवडे निवू द्यायचं असतं
हे गावाला शिकवलं कोणी? तिनंच.

त्या रात्री वीज नेहमीसारखी गेलेली.
राखणीला एउदेलिओ.
अंधारात सहज हौदात हात घातला त्यानं
आणि झटकन मागे घेतला.
इतकी वर्षं ज्या गोष्टीची हाताला सवय,
ती इथं नको होती.

ओदालिस अनवाणी पळत आली.
हौदाच्या भिंतीवरून सगळं ओलं, सरपटतं,
वर चढणारं,
काठावरून खाली पडणारं.
फावडं चालणार नव्हतं, चिरली असती.
दोघांनी हातांनी उपसलं ते ऊन ऊन शेण,
कोपरापर्यंत, न बोलता,
मग काठावरची, पायाखालची, कौलांमागची
चाचपून चाचपून वेचली,
ओंजळी भरभरून परत आत सोडली.

"माती खाल्ली मी," ती म्हणाली.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "खाऊ दे की.
ह्यांचंही त्यावरच चाललंय."

ती हसली, की नाक ओढलं,
अंधारात कळलं नाही.

तीनच्या सुमाराला वीज आली.
रस्त्यावरचा एकुलता दिवा भप्पकन पेटला
आणि हौदावरची ती सगळी लाल हालचाल
एका क्षणात खाली,
जिथं तिची जागा होती तिथं, गडप.

ते दोघंच राहिले उजेडात,
शेणानं माखलेले हात अंगापासून लांब धरून,
लपायला कुठंच जागा नसलेले.